पिल्लाला मारू नका, वेळ पाळा

दुपारची भांडी आवरून कुणी वाकळ शिवायला घेतली असेल, कुणी बांधावर बसून मोबाइलवर ऐकत असाल.

दर वेळी आम्ही इथं बचत, कर्ज, शेळ्या, कोंबड्या असं काहीबाही सांगतो. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आम्ही बोलणार आहोत कुत्र्याच्या पिल्लाबद्दल. घरात आणलेलं पिल्लू चुलीपुढं शू करतं, मधल्या घरात शी करतं, त्याचं काय करायचं, याबद्दल. हसा खुशाल. गटाच्या बैठकीत हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा आम्हीही हसलो होतो. पण ज्या बाईला दिवसातून सात वेळा फरशी पुसावी लागते तिला हसू येत नाही. आणि त्या पिल्लाचं तर जगणं-मरणंच त्याच्यावर ठरतं.

झालं असं, की गेल्या आषाढात आमच्या गटातल्या एक वहिनी बैठकीला अर्धा तास उशिरा आल्या. एरवी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी टाकणारी बाई. हात शेणानं भरलेले, पदर खोचलेला. म्हणाल्या, "मला दंड लावायचा तर लावा, पण आज सकाळपासून तिसऱ्यांदा सारवतेय." आणि तिथंच डोळ्याला पदर लावला.

या वहिनींनी गटातून कर्ज घेऊन चार शेळ्या घेतल्या होत्या. त्यातलं एक करडू उन्हाळ्यात रात्री गोठ्यातून गेलं. चोरानं नेलं की जनावरानं, कळलं नाही. म्हणून राखणीला कुत्रं पाहिजे असं घरात ठरलं. शेजारच्या वस्तीवरच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. वहिनींचा मुलगा, सहावीतला, आणायला गेला तोवर नर सगळे लोकांनी नेले होते. राहिली होती एक मादी. त्यानं तिलाच उचलून आणलं. दोन महिन्यांची, कपाळावर पांढरा टिळा. नाव ठेवलं चंपी.

मालकांचं पहिलं बोलणं, "कुत्री कशाला आणली? उद्या घरभर पिल्लं घालील." त्यात पावसाची झड लागलेली. चंपी घराबाहेर पाऊल टाकायला तयार नाही. जे करायचं ते घरात. कधी चुलीपुढं, कधी अंथरुणावर, एकदा तर मालकांच्या चपलेत. मालकांनी सांगून टाकलं, "नागपंचमीपर्यंत बघतो. नाही सुधारली तर पोत्यात घालून बाजारच्या गावाला सोडून येतो." मुलगा जेवेना. आणि घाण पुसणार कोण, तर वहिनी. शेळ्यांचं, स्वयंपाकाचं, मजुरीचं, सगळ्याचं करून वर हे.

आता आम्ही काय सल्ला दिला ते सांगतो, कारण आमची चूक तुमच्या उपयोगी पडेल. गटातल्या मोठ्या बायका म्हणाल्या, "त्यात काय, जिथं घाण केली तिथं नेऊन तिचं नाक घासायचं आणि दोन फटके द्यायचे. बरोबर कळतं." आम्हीही माना डोलावल्या. आमच्या सगळ्यांच्या माहेरी हेच होत आलेलं.

वहिनींनी आठ दिवस तसंच केलं. पुढच्या बैठकीत आम्ही विचारलं, "काय, सुधारली का चंपी?" तर म्हणाल्या, "आता समोर करत नाही. कणगीमागं जाऊन करते, खाटेखाली करते. वास येतो तेव्हा कळतं. काल धाकटी रांगत खाटेखाली गेली आणि हात भरवून घेतले."

म्हणजे आमच्या सल्ल्यानं चंपी बाहेर जायला शिकली नव्हती. माणसांपासून लपायला शिकली होती.

तेव्हा आम्ही आमच्या भागातल्या पशुसखी ताईंना बोलावलं. शेळ्या-कोंबड्यांच्या लसीकरणाला त्या येतातच, म्हटलं हेही विचारू. त्या आल्या, ओट्यावर बसल्या, चहा घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "ही बाहेर कधी जाते?"

वहिनी म्हणाल्या, "पोरगा नेत असेल." मुलगा म्हणाला, "आजी नेते." आजी म्हणाल्या, "मला गुडघ्यानं चालवत नाही, मी कुठली नेते?" कुणीच नेत नव्हतं. दार उघडं आहे, ती आपली जाईल, असं प्रत्येकाला वाटत होतं. ताई म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या धाकटीला कुणी नेलं नाही तर ती जाते का मोरीत? मग हिला कसं कळावं?"

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्याचं सार एवढंच आहे. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे तान्हं लेकरू. त्याला शू फार वेळ धरता येत नाही. जागं असताना दर तासा-दोन तासांनी त्याला जावंच लागतं. ते घरात करतं ते खोडीनं नाही, वैर म्हणूनही नाही. त्याला आलेली असते आणि त्या वेळी त्याला बाहेर कुणी नेलेलं नसतं.

आणि मारून का उपयोग होत नाही तेही ताईंनी सांगितलं. कुत्र्याला त्या क्षणाचं कळतं. त्यानं शू केली, दहा मिनिटांनी तुम्ही आलात, डाग पाहिलात आणि फटका दिलात, तर फटका शूबद्दल आहे हे त्याला जुळवता येत नाही. त्याला एवढंच कळतं, की वहिनी आल्या की मार बसतो. आपण म्हणतो, "बघा कसं चोरासारखं तोंड केलंय, चूक कळतेय त्याला." ते चुकीचं तोंड नसतं, भीतीचं असतं. आणि भ्यालेलं पिल्लू तुमच्यासमोर बाहेरसुद्धा शू करत नाही. तुम्ही अर्धा तास पावसात उभं राहिलात तरी ते धरून ठेवतं आणि आत येऊन कोपऱ्यात करतं.

मग ताईंनी जे सांगितलं ते आमच्या गटाला लगेच पटलं, कारण ते आमच्याच कामासारखं होतं. त्या म्हणाल्या, "वही करा." आम्ही गटाच्या हिशेबाला दर आठवड्याला वही लिहितो. कुणाची बचत आली, कुणाचा हप्ता राहिला, वहीत बघितलं की भांडण राहत नाही. तशीच चंपीची वही. मुलाच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेतली. चंपी किती वाजता उठली, किती वाजता खाल्लं, किती वाजता कुठं शी-शू केली, एवढंच लिहायचं. मुलाच्या हातात घड्याळ दिलं आणि लिहायचं काम त्याच्याकडं.

पहिल्या दिवसाचं पान आम्ही सगळ्यांनी वाचलं. सहाला उठली, उठल्या उठल्या चुलीपुढं शू. साडेसातला खाल्लं, पावणेआठला मधल्या घरात शी. नऊला झोपली, साडेदहाला उठली, लगेच दारात शू. पोरं खेळवत होती, खेळता खेळता शू. असं दिवसभरात घरात सात वेळा शू आणि तीन वेळा शी.

दोन-तीन दिवसांची पानं एकापुढं एक ठेवली तर सगळं उघड दिसायला लागलं. चंपी वाटेल तेव्हा करत नव्हती. तिच्या वेळा ठरलेल्या होत्या. झोपेतून उठली की लगेच. खाल्लं की पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात. पाणी प्यायली की थोड्या वेळानं. खूप खेळली की मध्येच. आणि करायच्या आधी ती खाली नाक लावून हुंगत गोल गोल फिरायची. घरातल्या कुणाचं तिकडं लक्षच गेलं नव्हतं.

वेळा कळल्या की निम्मं काम झालं. आता पुढचं.

जागा एकच ठरवा. पावसामुळं चंपी अंगणात जात नव्हती, म्हणून गोठ्याच्या कडेला, पत्र्याखाली, जिथं पाणी गळत नाही असा एक कोपरा धरला. तिथं दोन घमेली कोरडी माती टाकली. पहिल्या दिवशी तिच्या शूनं भिजलेलं जुनं फडकं तिथंच ठेवलं, म्हणजे वासानं तिला जागा कळते. शेळ्या बांधतात तिथून ही जागा लांब ठेवली.

न्यायचं कसं? हाकलायचं नाही, सोबत जायचं. गळ्यात सुताची सैल दोरी, त्या जागेवर जाऊन गप्प उभं राहायचं. खेळवायचं नाही, बोलायचं नाही. पाच-सात मिनिटं थांबायचं. आपण लेकराला दोन पायांवर बसवून तोंडानं "शूऽऽ" करतो ना? तेच इथं करायचं. पिल्लू करायला लागलं की हळू आवाजात "शूऽऽ" म्हणायचं, रोज तोच शब्द. काही दिवसांनी नुसता आवाज केला तरी त्याला कळतं, की इथं कशाला आणलंय.

झालं, की तिथल्या तिथं भाकरीचा तुकडा द्यायचा आणि पाठीवरून हात फिरवायचा. तिथल्या तिथं, बरं का. घरात आल्यावर तुकडा दिला तर घरात येण्याबद्दल मिळाला असं त्याला वाटतं. आणि झाल्याबरोबर लगेच आत आणू नका. दोन मिनिटं बाहेर खेळू द्या. नाहीतर पिल्लू हुशार असतं. शू केली की खेळ संपतो हे त्याला कळतं आणि ते धरून ठेवायला लागतं.

समोर घरातच करायला लागलं तर? ओरडू नका. एक टाळी वाजवा, त्या आवाजानं ते थांबतं. लगेच उचला, बाहेर न्या, तिथं राहिलेलं केलं तर शाबासकी द्या. आणि करून झाल्यावर तुम्हाला दिसलं तर काही बोलू नका, पुसून टाका. तो आपला हप्ता चुकला असं समजायचं. वेळेवर बाहेर नेलं नाही, ही आपली चूक.

नजरेआड होऊ द्यायचं नाही. स्वयंपाक करताना वहिनी चंपीची दोरी चौकटीच्या खिळ्याला अडकवायच्या, म्हणजे ती डोळ्यांपुढं राहायची. हुंगायला लागली की उचलायचं. झोपायला एक पुठ्ठ्याचं खोकं केलं, आत गोणपाट. तिला वळून झोपता येईल एवढंच मोठं. कुत्रं शक्यतो आपल्या झोपायच्या जागी घाण करत नाही. रात्री कुईंकुईं केलं की त्याला जायचं असतं, तेव्हा उठायचं. पण तासन् तास कोंडून मात्र ठेवू नका. सगळी शेताला जाणार असाल तर पिल्लू गोठ्याच्या सावलीत बांधा, जवळ पाणी ठेवा. घरात कोंडून गेलात तर ते करणारच.

आता खाण्याचं. लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, ठरलेल्या वेळी, थोडं थोडं द्यावं. दिवसभर ताट पुढं ठेवलं तर दिवसभर शी होते. वहिनींकडं चंपीला वाटीभर म्हशीचं दूध आणि रात्रीची उरलेली आमटी मिळायची. ताई म्हणाल्या, "हिची शी पातळ होते ती यानं." जास्त दुधानं पिल्लांना जुलाब होतात. आणि कांदा-लसूण घातलेलं कालवण कुत्र्याला अपायकारक असतं, त्यानं रक्त कमी होतं. मग भाकरी-भात, त्यात बिनतिखट-मिठाचं वरण, कधी उकडलेलं अंडं, असं सुरू केलं. चार दिवसांत शी घट्ट झाली आणि वेळाही बसल्या. पाणी मात्र दिवसा कधी तोडू नका.

पुसायचं कसं, हे आम्हाला वाटलं होतं की बायकांना काय शिकवायचं! पण तिथंही एक गोष्ट होती. आपल्याला वास गेला असं वाटतं, कुत्र्याला तो येतच राहतो आणि त्या वासावर ते परत तिथंच करतं. फरशी असेल तर आधी फडक्यानं टिपून घ्या, मग साबणाच्या पाण्यानं धुवा, वरून खाण्याचा सोडा टाकून थोडा वेळ ठेवा आणि पुसा. जमीन सारवलेली असेल तर वरून नुसतं सारवून भागत नाही. शू खाली मुरलेली असते. भिजलेली माती खुरप्यानं काढून टाका, नवी माती भरा, चोपा आणि मग सारवा. वहिनी दिवसातून तीनदा सारवत होत्या, पण खालची माती तशीच होती. फिनेल वापरत असाल तर ते पूर्ण वाळेपर्यंत पिल्लाला तिथं जाऊ देऊ नका. पाय भरतात आणि ते पाय चाटतं. फिनेल पोटात जाणं वाईट.

एवढं सगळं सुरू झालं आणि वहीतले आकडे उतरायला लागले. सातावर होते ते चारावर आले, मग तीनावर. पण एक नोंद काही जाईना. संध्याकाळी सातची. मालकांची गाडी दारात आली, की चंपी त्यांच्यापुढं जायची, उताणी पडायची आणि तिथंच शू. मालक म्हणायचे, "बघा, मुद्दाम माझ्यापुढं करते." वहिनींना वाटलं, आता नागपंचमीला काही खरं नाही.

पशुसखी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ही शू वेगळी. ही भीतीची आहे." लहान पिल्लू मोठ्यापुढं उताणं पडून थेंब थेंब शू करतं, त्याचा कुत्र्यांच्या भाषेत अर्थ, मी लहान आहे, मला मारू नका. त्यावर तुम्ही ओरडलात तर त्याला आणखी भीती वाटते, आणि ते आणखी करतं. उपाय सोपा. आल्यावर त्याच्याकडं बघायचं नाही, अंगावर वाकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. बाजूला तोंड करून खाली बसायचं आणि त्याला आपणहून येऊ द्यायचं. भेट अंगणातच घ्यायची.

हे मालकांना सांगायचं कुणी? आम्ही चार जणी गेलो. सरळ म्हटलं, "दादा, ती तुम्हाला भिते. तुम्ही आल्यावर ओट्यावर तोंड फिरवून बसून बघा, चार दिवस." ते काही बोलले नाहीत. पण बसले, असं मुलानं सांगितलं. वहीत त्यानं लिहिलंय, "आज पप्पा गप बसले. चंपीने शू नाही केली. पप्पांचा हात चाटला."

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही खरं तर इथं बोलायला आलो ती. हे सगळं करायचं कुणी? सुरुवातीला सगळं वहिनींवरच होतं. वही दाखवून आम्ही बैठकीत म्हटलं, की एका बाईनं दिवसातून दहा-बारा वेळा उठून पिल्लू बाहेर न्यायचं तर ती दुसरं काही करूच शकणार नाही. पिल्लू घराच्या राखणीला आणलंय, तर पाळीही घरानं वाटून घ्यावी. वहिनींनी घरात ही गोष्ट मांडली. कुणाला जादा काम नको, म्हणून ज्याला जेव्हा उठायचंच असतं ती वेळ त्याची, असं ठरलं. पहाटे पाचला मालक धारा काढायला उठतात, ती पाळी त्यांची. सकाळी शाळेआधी आणि रात्री दहाला मुलगा. शाळेतून आल्यावर मोठी मुलगी. दुपारी वहिनी घरी असतील तर वहिनी. आणि रात्री दोनला आजी, कारण त्या एकदा उठतातच. आजी म्हणाल्या, "मला गुडघ्यानं लांब चालवत नाही, पण गोठ्यापर्यंत चालवतं." कागदावर लिहून तो भिंतीला लावला.

नागपंचमीला वहीत काय होतं? आदल्या दोन दिवसांत घरात एकदाच शू, शी नाही. मालकांनी पोत्याचं नाव काढलं नाही. वहिनींनीही आठवण केली नाही.

पण सगळं सरळ झालं असं नाही, तेही सांगतो. श्रावणात आजी दोन दिवस लेकीकडं गेल्या. रात्रीची पाळी कुणी घेतली नाही, आणि सकाळी मधल्या घरात तळं. गौरीला घर पाहुण्यांनी भरलं, दोरी सुटली आणि चंपीनं ऐन जेवणाच्या पंगतीशेजारी शी केली. वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांनी मारलं नाही. पुसलं, आणि वहीत लिहिलं. महिन्या-दोन महिन्यांत पिल्लाला वळण लागतं, पण पाच-सहा महिन्यांचं होईपर्यंत अधूनमधून चुका होणार हे धरून चाला. वळण लागलेलं पिल्लू अचानक घरात करायला लागलं, थेंब थेंब शू व्हायला लागली, शूत किंवा शीत रक्त दिसलं, तर तो वळणाचा दोष नसून आजार असू शकतो. लहान पिल्लाला रक्ताचे जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या तर घरगुती औषधात दिवस घालवू नका. जीव जातो. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, नाहीतर 1962 या नंबरवर फोन करून विचारा.

लेकरांच्या आरोग्याचं दोन शब्दांत. पिल्लांच्या पोटात जंत असतातच, आईकडूनच येतात. त्यांची अंडी शीतून मातीत जातात आणि मातीतून रांगणाऱ्या मुलांच्या तोंडात. काही जंत अनवाणी पायातूनही कातडीत शिरतात. म्हणून शी लगेच उचला, विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब खड्ड्यात पुरा आणि हात साबणानं धुवा. पिल्लाला जंताचं औषध डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे द्या. लहानपणी ते परत परत द्यावं लागतं. तीन महिन्यांचं झालं की पिसाळ रोगाची, म्हणजे रेबीजची लस टोचा, पुढं डॉक्टर सांगतील तसा डोस, आणि मग दर वर्षी. खेळतानासुद्धा दात किंवा नख लागून रक्त आलं, तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

आणि मादी पिल्लू म्हणून कुणी टाकून देऊ नका. मादीही तेवढीच राखण करते. पिल्लांची काळजी वाटत असेल तर सहा महिन्यांच्या सुमाराला नसबंदी होते, तालुक्याच्या दवाखान्यात चौकशी करा. पाळलेलं जनावर उपाशी मरायला सोडून देणं हा 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्यानं गुन्हाही आहे. पण कायद्याच्या आधी एवढंच मनात आणा, की बाजारच्या गावात सोडलेल्या दोन महिन्यांच्या पिल्लाचं दोन दिवसांत काय होत असेल.

जाता जाता पुन्हा एकदा थोडक्यात सांगतो, लिहून घ्या. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर बाहेर न्या. जागा एक, शब्द एक. झाल्यावर तिथल्या तिथं तुकडा. घाण दिसली तर मार नको, मुळापासून साफ करा. आठ दिवस वही लिहा. आणि पाळी घरात वाटून घ्या.

चंपी आता वर्षाची होत आलीय. रात्री गोठ्याच्या दारात झोपते. दिवाळीनंतर एका रात्री इतकी भुंकली, की मालक बॅटरी घेऊन उठले, तर कुंपणाशी दोन परकी कुत्री होती. करडं सगळी जागेवर होती. वहिनींचा कर्जाचा शेवटचा हप्ता मागच्या महिन्यात जमा झाला. मालक अजूनही पहाटे पाचला तिला बाहेर नेतात. खरं तर आता तिला न्यायची गरज नाही, ती आपली जाते. पण ते म्हणतात, "सवय झालीय."

तुमच्याकडं असं पिल्लू असेल, तर पुढच्या बैठकीला तुमची वही घेऊन या. आम्ही वाचू. आणि तुमच्या काही युक्त्या असतील तर आम्हालाही शिकवा. तोवर रामराम.